ठकूआत्याचं न्हाई

ताम्हिणीत राहून दरवर्षी “यंदा पाऊस न्हाई पडत” असं सांगणारी बाई मी एकच पाहिली आहे, आणि ती माझी आत्या आहे.

ज्यांनी आमच्याकडचा पाऊस पाहिला नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. आमच्याकडे पाऊस एकदा लागला की कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात, डब्यातल्या मिठाचं पाणी होतं, आणि समोरच्या घरातलं माणूस धुक्यामुळे आधी आवाजावरून ओळखायचं आणि मग तोंडावरून. अशा गावात ठकूआत्या दर उन्हाळ्याच्या शेवटी कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघते आणि म्हणते, “न्हाई पडत. यंदा काय लक्षण दिसत न्हाई.”

हे म्हणताना तिच्या डोक्यावर लाकडाचा भारा असतो. सगळ्या वाडीत सगळ्यात आधी तिची लाकडं माळ्यावर चढलेली असतात. सगळ्यात आधी तिच्या पडवीला प्लॅस्टिकचा कागद बांधून झालेला असतो. सुकट भरून, तांदूळ कांडून, छत्रीची काडी नीट करून ती पुन्हा दारात येऊन उभी राहते आणि पुन्हा सांगते, न्हाई पडत.

मी लहान असताना तिला एकदा विचारलं होतं, “आत्या, पाऊस पडणारच नाही, तर एवढी लाकडं कशाला?”

“न्हाई पडला तर काय बिघडलं?” ती म्हणाली. “लाकडं काय खायाला मागत्यात व्हय?”

मग तिनं मलाच भारा वर द्यायला लावला.

ठकूआत्या माझ्या दादांची, म्हणजे वडिलांची, चुलत बहीण. दादांपेक्षा मोठी, म्हणून ते तिला आक्का म्हणतात. नवरा लवकर गेला तेव्हा लहानग्या बाळूला कडेवर घेऊन ती माहेरी आली आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहिली. बाळू मोठा होऊन कामासाठी बाहेर गेला. त्यामुळे मला आठवतं तेव्हापासून आत्या एकटीच. पण एकटी असून तिचा आवाज चार माणसांच्या घराएवढा.

तिचं आमच्या फाट्यावर एक छोटं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा, एक चूल, एक बाक आणि पत्र्याला लटकवलेला चार्जिंगचा दिवा. तिथे चहा, कांदाभजी आणि भाजलेलं कणीस मिळतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पुण्याकडून गाड्याच्या गाड्या येतात. बाकीचे दुकानदार रस्त्यात उभे राहून हातवारे करतात, “या साहेब, गरम गरम, एक नंबर.” आत्या जागची हलत नाही. गाडी थांबलीच तर ती गिऱ्हाइकाकडे असं बघते की जणू त्याचा रस्ता चुकला आहे.

“मावशी, भजी कशी आहेत?”

“काय खास न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हंजी कालच्यापरीस बिघडल्यात. कांदा वला हाय.”

माणूस गोंधळतो. मग हसतो. मग बसतो. भजी खातो आणि दुसरी प्लेट मागतो. ती चांगलीच असतात, कारण बिघडणार म्हणून आत्या पीठ चारदा चाखते आणि तेलात आधी एकच भजं सोडून बघते.

एकदा पुण्याजवळच्या सूसवरून चार मुलं आली. स्वच्छ बूट, रंगीत रेनकोट. त्यातला एक म्हणाला, “मावशी, वॉटरफॉल कुठंय? दोन तास लागले आम्हाला इथपर्यंत यायला.”

“न्हाई दिसत,” आत्या म्हणाली. “धुकं हाय. आन् माघारी जायाला तीन तास लागत्याल.”

मुलांना हे इतकं आवडलं की त्यांनी मोबाईल समोर धरून तिला तेच पुन्हा बोलायला सांगितलं. ती ते बोलली नाही, फक्त झारा हलवत म्हणाली, “त्यात काय घेताय, काय खास न्हाई त्यात.” तोच व्हिडिओ त्यांनी टाकला. पुढचे काही आठवडे लोक खास ‘काय खास न्हाई मावशी’ बघायला यायचे. रस्त्याच्या कडेला गाड्या लागायच्या, बाकावर जागा नसायची, आणि त्या गर्दीकडे बघत आत्या मला सांगायची, “धंदा बसला गं शितले. आता काय कोण येत न्हाई.”

मला वाटायचं ही हट्टानं करते. नंतर लक्षात आलं की तिला तसं दिसतच होतं. भरलेल्या बाकाकडे बघताना तिला तो रिकामा झालेला दिसायचा, आणि म्हणून ती कांदा लागेल तसाच चिरायची, आधी ढीग लावून ठेवायची नाही.

आमच्या यष्टीचे कंडक्टर तर तिच्याशी रोज पैज लावल्यासारखे बोलायचे. गाडी फाट्यावर थांबली की दारातून डोकं बाहेर काढून म्हणायचे, “ठकूबाई, आली बघा गाडी.”

“आली व्हय? मला वाटलं न्हाई येत.”

“रोज येती की ओ.”

“उद्या न्हाई येत.”

“बरं, उद्या न्हाई येत,” म्हणून ते घंटी मारायचे.

या बाईमुळे मी कॉलेजात शिकले, असं मी म्हटलं तर तिचं नुसतं बोलणं ऐकलेल्याचा विश्वास बसणार नाही. म्हणून ते नीट सांगायला हवं. मला ते नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. बारावी झाल्यावर पौडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळत होता. आईची इच्छा होती. दादा विरोधात नव्हते, पण त्यांचा एक प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. माझी प्रात्यक्षिकं संपून शेवटची यष्टी फाट्यावर पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. फाट्यापासून वाडीपर्यंत रानातली वाट. दादा डोंगरापलीकडे एका रिसॉर्टवर माळीकाम करतात, ते माझ्याही नंतर घरी येतात. आईला सांधेदुखी, तिला ओल्या वाटेवर उतरता येत नाही. आणि त्या वर्षी बिबट्यानं खालच्या वस्तीतलं वासरू नेलं होतं.

“कोन आननार तिला?” दादा म्हणाले. “न्हाई जमायचं.”

आत्या उंबऱ्यावर बसली होती. मला आशा होती की ती माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, “न्हाईच जमायचं. दोन म्हैन्यात कट्टाळून घरी बसंल पोरगी.”

मी आत जाऊन रडले. दादांचं मला समजत होतं. आत्याचं समजलं नाही.

त्यानंतर आठवडाभरात आत्यानं जाहीर केलं की ती दुकान संध्याकाळीसुद्धा उघडं ठेवणार. “दिवसाचं गिऱ्हाईक न्हाई ऱ्हायलं,” ती दादांना म्हणाली. “सांजचं बघते. येत न्हाई कोन, पर बघते. शेवटच्या यष्टीपातूर बसीन, मंग येईन घरी. तुजी पोरगी त्याच गाडीला असंल तर येऊ दे माज्या मागनं. न्हाई तर ऱ्हाऊ दे.”

दादा म्हणाले, “आक्का हायेच फाट्यावर, तर जाऊ दे.”

असा माझा प्रवेश झाला. धंद्याच्या एका अडचणीतून, असं मला तेव्हा वाटलं.

तीन वर्षं मी संध्याकाळच्या यष्टीतून उतरले की धुक्यात तो दिवा दिसायचा. आत्या बाकावर बसलेली असायची. चुलीवर चहा. “आलीस व्हय? मला वाटलं आज न्हाई येत.” मी चहा प्यायचे, ती भांडी आवरायची, मग ती पुढे बॅटरी घेऊन आणि मी मागे, अशा आम्ही वाट चढायचो. वाटेत ती काठी दगडावर आपटत मोठ्यानं बोलायची. मला वाटायचं तिला बोलायची सवय आहे. तो आवाज जनावरासाठी होता, हे तिनं कधी सांगितलं नाही. “बिबट्या न्हाई येत,” एवढंच म्हणायची, आणि काठी आपटायची.

त्या वेळी गिऱ्हाईक मात्र मी कधी पाहिलं नाही. आत्याही रोज सांगायची, “कुत्रं फिरकलं न्हाई आज.” मी म्हणायचे, “मग बंद कर ना संध्याकाळचं.” ती म्हणायची, “बघू. आजून चार दिस बघू.”

दुसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं. पुण्याहून एक सर आले होते. खूप छान बोलले. माणूस जसा विचार करतो तसं त्याचं आयुष्य घडतं, असं त्यांनी सांगितलं. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगायचं, मी यशस्वी होणारच. ‘च’ वर जोर द्यायचा.

मला ते पटलं. कारण मी भित्री होते, अजूनही आहे. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर जायचा नाही. तोंडी परीक्षेत समोरच्यानं नाव विचारलं तरी मला घाम फुटायचा. आमच्या पडवीच्या खांबाला एक छोटा आरसा आहे, दादा त्यात दाढी करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यासमोर उभी राहिले आणि हळू आवाजात म्हटलं, “मी यशस्वी होणारच.”

“कुनाशी बोलतीस गं?” शेजारच्या पडवीतून आवाज आला.

“आरशाशी. सरांनी सांगितलंय. रोज म्हणायचं, मी पास होणारच.”

“आरसा पेपर तपासतोय व्हय?”

“तसं नाही आत्या. आपण जसा विचार करतो ना, तसं होतं.”

आत्या भांडं घासायची थांबली. खरोखर विचार करत होती. मग म्हणाली, “आन् न्हाई झालीस तर? आरशाला काय तोंड दावशील?”

ती पुन्हा भांडं घासू लागली.

“त्यापरीस म्हनायचं, न्हाई होत पास. झालं. आता भ्या संपलं का न्हाई? मंग गुमान बसायचं पुस्तक घिऊन.”

सर चुकीचं सांगत होते असं मला म्हणायचं नाही. माझ्या वर्गातल्या काही मुलींना त्याचा उपयोग झाला, एकीनं तर त्यानंतर वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. पण माझ्या बाबतीत असं व्हायचं की ‘होणारच’ म्हटलं की भीती कुठे ठेवायची ते कळायचं नाही. आत्याच्या पद्धतीत भीतीला पाट मिळायचा, आणि हातात काहीतरी काम.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली, ती लिहिताना जरा संकोच वाटतो, कारण ती दादांबद्दल आहे. दादाही ‘न्हाई’च म्हणतात. न्हाई जमायचं, न्हाई मिळायचं. दोघं भावंडं एकच शब्द बोलतात. पण दादा न्हाई म्हणाले की भिंतीला टेकून बसतात. आत्या न्हाई म्हणाली की पदर खोचते. मी किती तरी वर्षं दोघांना एकच समजत होते.

त्याच वर्षी आमची प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी भर पावसात आली. ती चुकली असती तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर पुढचं सगळंच गेलं असतं, कारण दादांना तेवढंच कारण पुरलं असतं. आदल्या संध्याकाळी चहा देताना आत्या म्हणाली, “उद्या यष्टी न्हाई येत. दरड पडतीया.”

“आत्या, असं बोलू नको ना.”

“न बोलून थांबती व्हय ती?”

पहाटे तिनंच दार वाजवलं. फाट्याच्या खाली खरंच दरड आली होती. यष्टी अलीकडे येणार नव्हती. मला रडूच फुटलं. आत्यानं माझी वह्यांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, माझ्या डोक्यावर पोत्याची खोळ घातली आणि म्हणाली, “न्हाई पोचत तू. चल.”

आम्ही रस्ता सोडून वरच्या भातखाचरांच्या बांधावरून निघालो. पाणी घोट्याच्या वर. आत्या पुढे, काठीनं बांध चाचपत, आणि दर थोड्या अंतरावर मागे न बघता म्हणत होती, “न्हाई पोचत.” दरडीला वळसा घालून आम्ही पलीकडे रस्त्यावर उतरलो, तर तिथे दत्तूचा दुधाचा पिकअप उभा. दत्तू खालच्या गावचा, रोज सकाळी पौडला दूध घेऊन जातो.

“ये बस लवकर,” तो म्हणाला. “ठकूआत्यानं कालच सांगून ठेवलं व्हतं. उद्या दरड पडतीया, पोरीची परीक्षा हाय, थोडा येळ थांब, न्हाई आली तर तू निघ.”

गाडी सुरू झाल्यावर तो मला हळूच म्हणाला, “तिला कळलं कसं गं दरड पडनार म्हनून?”

“ती पावसाळ्यात रोजच म्हणते, दरड पडतीया.”

दत्तूनं जरा विचार केला. “व्हय की. मला बी तुज्या पयल्या पेपरापासनं रोजच थांबवतीया.”

मी मागे वळून बघितलं. आत्या पावसात रस्त्याच्या मधोमध उभी होती. हात हलवत नव्हती. तिच्या हिशेबानं मी पोचणारच नव्हते, तर हात कशाला हलवायचा.

त्या दिवशी बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तेव्हा मी मनात म्हटलं, न्हाई येत उत्तर. आणि काय झालं कुणास ठाऊक, उत्तर आलं. अगदी बरोबर नव्हतं, पण आलं. दुसरंही आलं.

संध्याकाळी दरडीमुळे लांबच्या रस्त्यानं आले. दिवा होताच.

“काय झालं?” आत्यानं विचारलं.

“न्हाई होत पास,” मी म्हटलं.

“व्हय. न्हाईच होत,” ती म्हणाली, आणि इतकी खूश झाली की चहात साखर दोनदा घातली. निकाल लागल्यावर “चुकून झालं असंल” म्हणत तिनंच सगळ्या वाडीत गूळ-खोबरं वाटलं.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात कॉलेजला एक दिवस सुट्टी होती. संध्याकाळी आईनं मला आत्याकडून आलं आणायला पाठवलं. आत्या दुकानातच असणार म्हणून मी फाट्याकडे उतरले; सुट्टीला संध्याकाळी मी एरवी तिकडे जात नसे. धुकं नेहमीसारखंच होतं. पण दिवा नव्हता. बाक उलटा ठेवलेला, चूल गार. मला एकदम भीती वाटली, तिला काही झालं की काय. धावत वर आले, तर आत्या आपल्या घरात चुलीपुढं पाय शेकत बसली होती.

“आत्या, आज दुकान?”

“एवढ्या पावसात कोन येतंय?”

“कालही एवढाच पाऊस होता.”

“काल काल व्हता,” ती म्हणाली आणि पाय जरा चुलीजवळ सरकवले. “आलं फडताळात हाय. घिऊन जा.”

मी आलं घेतलं. घरी येऊन आईला विचारलं, “आत्या संध्याकाळचं दुकान रोज उघडते ना गं?”

आई भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं. “तुझं कॉलेज असतं तेव्हा उघडते,” ती म्हणाली. “सगळ्या वाडीला ठाऊक हाय. तुला न्हाई व्हय ठाऊक?”

मला ठाऊक नव्हतं. तिसरं वर्ष लागेपर्यंत मी गिऱ्हाईक नाही म्हणून तिची समजूत घालत होते.

मग आईनंच मी अगदी लहान असतानाची एक गोष्ट सांगितली. बाळू आधी लवासाकडे बांधकामावर होता. ते काम संपल्यावर मुकादमाबरोबर गुजरातकडे गेला. एका शिमग्याला त्याचा फोन आला, येतो म्हणून. आत्यानं सगळ्या वाडीला सांगितलं, माझा बाळू येणार. तेव्हा ती ‘येणार’ म्हणायची. घर सारवलं, पुरण शिजवलं, शेजाऱ्यांना पोळ्या खायला बोलावलं. आणि सांजेला फाट्यावर जाऊन उभी राहिली. यष्टी आली. कंडक्टर खाली उतरले आणि म्हणाले, ठकूबाई, कोन न्हाई आलं. त्याचं काम निघालं असेल, गाडी चुकली असेल, कुणाला माहीत. नंतर एक-दोनदा बाळू येऊनही गेला, न सांगता. फोनही करतो. वाईट मुलगा नाही. “पण त्या शिमग्यापासनं,” आई म्हणाली, “तिच्या तोंडून ‘येणार’ हा शब्द मी ऐकला न्हाई.”

तव्यावरची भाकरी फुगली. आईनं ती उतरवली आणि दुसरी टाकली. मी आलं ठेचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं. संध्याकाळी उतरले तर दिवा लागलेला. आत्या म्हणाली, “कुत्रं फिरकलं न्हाई आज.” मी नेहमीचं “मग बंद कर ना” म्हटलं नाही. म्हटलं, “अजून चार दिवस बघ, आत्या.”

यंदा मला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहही मिळालं. दादा एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत, उलट बॅग फाट्यापर्यंत त्यांनीच आणून ठेवली आणि कामाला गेले. सकाळची यष्टी यायची होती. आत्या चूल पेटवत होती.

आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. मी म्हटलं, “येते, आत्या.”

कुणीही यावर ‘ये’ म्हणतं. आत्यानं फुंकणी बाजूला ठेवली. “न्हाई येत तू,” ती म्हणाली. “पुन्याला गेल्यावर कोन येतंय चिखल तुडवाया.”

तिचा आवाज रोजचाच होता. पण मला माझ्या ओठांवर आलेलं ‘येणार म्हणजे येणारच’ म्हणवेना. ते वाक्य तिनं एकदा सगळ्या वाडीला सांगितलं होतं.

“न्हाई येत, आत्या,” मी म्हटलं. “शनिवारी तर न्हाईच येत. शेवटच्या यष्टीनं तर अजिबात न्हाई.”

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा फुंकणी उचलून म्हणाली, “मंग च्या टाकत न्हाई मी.”

“नको टाकू.”

यष्टी आली. कंडक्टर म्हणाले, “आली बघा गाडी, ठकूबाई.” त्या दिवशी आत्या नुसती चूलच फुंकत राहिली.

शनिवारी लेक्चर संपवून मी निघाले. चांदणी चौकात गर्दी, पिरंगुटला गर्दी, पौडला यष्टी कितीतरी वेळ नुसतीच उभी. मी दर थोड्या वेळानं काच पुसत होते. घाट लागला तेव्हा बाहेर काही दिसत नव्हतं. मी कंडक्टरना विचारलं, “काका, फाट्यावर दिवा असेल का?”

“एवढा उशीर झालाय, बंद करून गेली असंल गं,” ते म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघून मग म्हणाले, “बघू.”

न्हाई आत्या थांबत, मी मनात म्हटलं. ते मी नेहमीसारखं म्हणत होते, पण या वेळी त्यानं भीती संपेना. बॅटरी बाहेर काढून हातात धरली. एकटीनं चढायला लागलं तर काठी कुठून घ्यायची, याचा विचार करू लागले.

वळण आलं आणि धुक्यात तो पिवळा ठिपका दिसला.

मी उतरले. शनिवारची गर्दी केव्हाच परतली होती. आत्या बाकावर बसली होती, गुडघ्यावर काठी आडवी. “आलीस व्हय?” ती म्हणाली. “मला वाटलंच न्हाई.”

बाकावर दोन कप होते. दोन्ही भरलेले. त्यांवर जाड साय धरली होती, म्हणजे यष्टीची वेळ झाली तेव्हाच तिनं ते ओतले होते आणि नंतर हलली नव्हती. मी कप उचलला. चहा पार गार झाला होता.

मी अर्धा कप प्यायले, आणि आत्यानं एक गोष्ट केली जी मी तिला कुणाच्याही बाबतीत करताना पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, “कसा झालाय?”

“काय खास न्हाई,” मी म्हटलं.

आत्या हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेत हे मला तेव्हा कळलं, इतकी ती कमी हसते. मग तिनं आपल्या कपातला अर्धा चहाही माझ्या कपात ओतला, दिवा काढून हातात घेतला, आणि वाटेवर पहिला दगड लागला तशी काठी आपटून मोठ्यानं म्हणाली, “फुडल्या शनवारी न्हाई येत तू.”

“न्हाई येत,” मी मागून म्हटलं.